दोनशे सत्तर गाठी

दिवाळे गावात बर्फ मागायला गेले
तेव्हा चांगुणाबाईंनी विचारलं, मासली कुठं हाय?
म्हटलं, मासळी नाही, औषध गार करायचंय,
नळाला एकोणतीसचं पाणी येतं, मला वीसचं हवं.
त्यांनी पापलेट बाजूला सारले, ढेप फोडली,
पैसे घेतले नाहीत.
म्हणाल्या, या म्हाताऱ्याला ने थोडा वेळ,
घरान बसून डोका खातंय.

अशी धर्मा तांडेलांची न् माझी ओळख.

त्याआधीची तीन रिळं मी एकटीनं बिघडवली होती.
बेलापूर, सेक्टर आठ, दीड बाय दोनचं न्हाणीघर,
झरोक्याला काळं रेक्झिन, दाराच्या फटीत ओला टॉवेल
आणि साडेसात मीटर फिल्म
अंधारात हातातून सुटून
स्वतःभोवतीच वेटोळं घालून चिकटलेली.
धुतल्यावर बघावं तर खाडी, मग डाग,
मग बराच वेळ नुसते डाग.

तांडेलांचे डोळे जाऊन बावीस वर्षं झाली, साखरेनं.
जाळी अजून तेच विणतात.
दिवा घालवते हं, मी म्हटलं
आणि मग मलाच हसू आलं.
त्यांनाही.

फिल्मची कड त्यांनी अंगठ्यानं चाचपली,
भोकाभोकावरून नख फिरवत गेले.
आस लय बारीक, म्हणाले,
याच्यातून जवला पन सुटाचा नाय.
चाकाच्या खाचेत पट्टी बसत गेली,
तिचा आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकला,
कोरड्या वाळूत कुणी होडी ओढतंय, लांब कुठंतरी, तसा.

मग लाडवांचा डबा. त्यात मेटॉल, हायड्रोक्विनोन,
तुर्भ्याच्या एका गाळ्यातून पुडीपुडीनं आणलेलं.
डबा घमेल्यात, घमेल्यात चांगुणाबाईंचा बर्फ.
नऊ मिनिटं. पण घड्याळ कसलं,
डब्याचं झाकण सैल, फोन दाराबाहेर.
मिनटाला तीस गाठी, तांडेल म्हणाले,
आणि पालथ्या बादलीवर बसून
रिकाम्या हवेत विणू लागले.

मी डबा हलवत होते.
शेजारी बोटावर बोट घासल्याचा आवाज,
सुई नाही, सूत नाही.
औषधाला मासळीचा वास येत होता
की मासळीला औषधाचा,
घाम डोळ्यात गेला तरी हात काढता येत नव्हता.
दोनशे सत्तरला ते थांबले.
वत, म्हणाले.
हायपो झाल्यावर दार उघडून फोन पाहिला,
हिशेब चुकला असेल तर पाचदहा सेकंदांनी.

पट्टी ट्यूबलाइटसमोर धरली.
काय आलंय, सांग ना गो.

आता हे कसं सांगायचं.
फिल्म अजून मधोमध चिरलेली नाही.
एका कडेनं चांगुणाबाई जेट्टीवरून चालत येतात,
दुसऱ्या कडेनं त्याच, खाली डोकं वर पाय.
आभाळ डांबरासारखं, चिखल चांदीचा.
सगळं उलटं असतं यात, मी म्हटलं,
पांढरं ते काळं होतं.
त्यांचे केस काळेभोर आलेत.

तांडेल गप्प झाले.
नळाची धार बारीक होत चालली होती, पाणी जायची वेळ.
मना तं तशीच दिसते ती, म्हणाले.

दातही काळे आलेत, मी घाईनं म्हटलं.
(नव्या कवळीनिशी हसल्या होत्या त्या कॅमेऱ्याकडे बघून.)
मंग? मिशेरी लावायची ना!
असे हसले की बादली कलंडली.

उरलेलं पाणी पिंपातून घेतलं, पुरलं नाही.
फिल्म दोरीवर टाकली, हॉलभर तीन फेऱ्या,
खालच्या टोकाला कपड्यांचे दोन चिमटे.
साडेआठला चांगुणाबाई न्यायला आल्या,
पट्टी डोळ्याजवळ नेऊन बघितली,
ही कोन गोरी भूतीन?
उत्तराला थांबल्या नाहीत. म्हाताऱ्याच्या पायात चपला सारल्या,
जेवला का नाय इचारलं,
मला म्हणाल्या, तुझी लादी भिजली बघ.

खरंच. पेपर पसरायला विसरले होते.